बिनसहीची नोटीस

दुर्ग शहराजवळच्या कोहक्यात कोणाकडे सरकारी दिसणारं पाकीट आलं, की ते धोंडबा रामटेक्यांच्या ओसरीवर न्यायचं, ही रीत नेमकी कधी पडली ते आता कोणी सांगत नाही. आज विचारलं तर जो तो कानावर हात ठेवतो. आम्ही कुठं जात होतो, शेजारचे जायचे, म्हणतो. अहो, जात होते सगळे! रविवारी सकाळी नऊपासून पाच-सात माणसं मांडीवर पाकीट घेऊन ओळीनं बसलेली असत, आणि आत सत्यशीलाबाई मोठ्या पातेल्यात चहा टाकताना म्हणत, दवाखान्यातला डॉक्टर निदान फी तरी घेते.

धोंडबा फी घेत नसत. त्यांना मान हवा होता, आणि तो त्यांना फुकट मिळाला होता असंही नाही. एकतीस वर्षं त्यांनी पोलादाच्या प्लांटात परमिट रूमचं टेबल सांभाळलं. प्लांटात कोणतंही मशीन दुरुस्तीला उघडायचं तर आधी परमिट लागतं. बिजलीवाल्याची सही, मेकॅनिकलवाल्याची सही, ऑपरेशनवाल्याची सही, खाली गोल शिक्का, तारीख, वेळ. एवढं झालं की मग माणूस मशीनच्या पोटात शिरणार. एक सही कमी असली की धोंडबा कागद परत फिरवत, मग समोर मोठा साहेब घामाघूम होऊन का उभा असेना. त्यांनी पास केलेल्या परमिटवर एकतीस वर्षांत एका माणसाचं बोटसुद्धा कापलं नाही. हे अगदी खरं आहे, आणि पुढं जे झालं त्यानं ते खोटं होत नाही. म्हणून आधीच सांगून टाकलं.

निवृत्तीनंतर असल्या माणसानं करायचं काय? चार महिने त्यांनी घरातच परमिट सुरू केलं होतं. गॅसवाला आला तर त्याचं कार्ड, दूधवाला आला तर त्याचं माप. सत्यशीलाबाईंनी कोणत्या डब्यात काय आहे त्याच्या चिठ्ठ्या लावाव्यात असा एक प्रस्ताव आला, तो त्यांनी लाटण्यानं नामंजूर केला. मग एके दिवशी गल्लीतल्या टिकाराम फिटरच्या मोबाइलवर मेसेज आला, की तुमचे आयकराचे पंधरा हजार चारशे नव्वद रुपये परत मंजूर झाले आहेत, खालच्या निळ्या ओळीवर बोट दाबा. टिकारामचं बोट निम्म्या वाटेत असताना धोंडबांनी त्याचं मनगट धरलं आणि विचारलं, सही कुठं आहे? सही नव्हती. शिक्का? नव्हता. बोगस, धोंडबा म्हणाले. दुसऱ्याच दिवशी पेपरात तसलीच बातमी छापून आली आणि टिकारामनं ती कापून त्यांच्या दाराला चिकटवली. एका बरोबर उत्तरानं माणूस जितका बिघडतो तितका दहा चुकांनी बिघडत नाही.

मग स्टेशनरीच्या दुकानातून लाल आणि हिरवी कार्डं आली. प्लांटात बंद मशीनला लाल कार्ड बांधतात, ते असेपर्यंत बटनाला हात लावायचा नाही. तसं खोट्या पत्राला लाल, खऱ्याला हिरवं, वर दोरा, मागं धोंडबांची तारखेसह सही. लोकांनीही आपापलं शास्त्र तयार केलं. टिकाराम म्हणायचा, सरकारी कागद कानाशी धरून हलवला की कडक आवाज देतो, खोटा मऊ बोलतो. पलीकडच्या साधना मॅडमचं ठाम मत होतं की खरी नोटीस शनिवारी येतच नाही. कोपऱ्यावर झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान असलेला राजकुमार साहू तेवढा कधीतरी म्हणायचा, भैया, टॅक्सवाल्या चिठ्ठीवर एक लंबा नंबर असतो, तो त्यांच्या वेबसाइटवर टाकला की लगेच समजतं. धोंडबा त्याच्याकडे अशा नजरेनं बघत, जसा वरणात झुरळ निघाल्यावर माणूस वरणाकडे बघतो. नंबर काय, सिनेमाच्या तिकिटावरपण असते, म्हणत. राजकुमार बिचारा चहा पिऊन जायचा.

मैनाबाई पहिल्यांदा आली ती याच दिवसांत. खुर्सीपारहून दोन ऑटो बदलून. तिचा नवरा हिरालाल गहाणे प्लांटाच्या मिलमध्ये होता, धोंडबांच्या टेबलावरून परमिट घेऊन रोज मशीनखाली शिरणारा माणूस. डबा दोघं एकत्र खात. मशीननं त्याला कधी काही केलं नाही. घरी, अंघोळीला बसला असताना छातीत कळ आली आणि गेला. फंडाचे, विम्याचे पैसे आले ते मैनाबाईनं बँकेत ठेवले, ते गुंजनसाठी. गुंजन म्हणजे तिची एकुलती पोरगी. तिला नर्सिंग करायचं होतं. बाप असताना ठरलेलं होतं आणि बाप गेल्यावर तर त्या घरात दुसरं काही ठरवायलाच उरलं नव्हतं.

पत्र इंग्रजीत होतं. धोंडबांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. मजकुराचा अर्थ एवढा, की तुमच्या खात्यात अमुक इतकी रक्कम जमा झाली, तुम्ही आयकराचं विवरण भरलेलं नाही, ही रक्कम कुठून आली ते इतक्या दिवसांत कळवा. वर एक लांबलचक नंबर, कोपऱ्यात काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन, आणि सगळ्यात खाली एक ओळ. ती वाचून धोंडबा मोठ्यानं हसले आणि ओसरीवरच्या सगळ्यांना त्यांनी ती समजावून सांगितली. हे पत्र कॉम्प्युटरनं तयार केलं आहे म्हणून याच्यावर सहीची गरज नाही, असं लिहिलं होतं.

"पाहा," ते म्हणाले, "चोर सोताच लिहून देते का माही सही नाही. असा परमिट माह्या टेबलावर आला असता तं म्या त्याची नाव करून नालीत सोडली असती."

लाल कार्ड बांधलं गेलं. मैनाबाईच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं सगळ्यांनी पाहिलं. तिच्या मागं गुंजन उभी होती, बारावीचं दप्तर पाठीवर घेऊन. ती हळूच म्हणाली, मम्मी, एक बार ऑनलाइन चेक करा लेते हैं ना. धोंडबांना ते लागलं. पोरीसोरींनी ओसरीवर, पाच माणसांत! पण ते रागावले नाहीत, आणि रागावले असते तर फार बरं झालं असतं. ते गंभीर झाले.

"बेटा," ते म्हणाले, "तुह्या बापाचा जीव रोज माह्या सहीवर आत जाये, अना रोज धडधाकट बाहेर ये."

गुंजननं दप्तर सावरलं आणि ती मम्मीच्या मागं निघाली.

चार-पाच महिन्यांनी दुसरं पत्र आलं, त्यालाही सही नव्हती, त्यालाही लाल कार्ड. मग तिसरं आलं, जाडजूड, सात पानांचं. सत्यशीलाबाईंनी ते हातात तोलून पाहिलं आणि म्हणाल्या, अवो, चोर कायले सात पानं छापंन? त्याले टाइम हाय का एवढा? एकदा बँकेत तं इचारा. शहाणी बाई, पण तिचं शहाणपण नेहमी स्वयंपाकघरातून यायचं आणि ओसरीपर्यंत पोचता पोचता त्याची कटकट व्हायची. धोंडबा म्हणाले, जेवढा मोठा चोर तेवढी जास्त पानं. लाल कार्ड, सही, तारीख. तिन्ही पत्रं मैनाबाईनं घरी देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवली.

आणि मग एप्रिलमध्ये धोंडबांना फोन आला.

आता इथं थोडं थांबून एक सांगायला हवं, नाहीतर बाहेरच्या माणसाला धोंडबा निव्वळ मूर्ख वाटतील. ते मूर्ख नव्हते. भंडाऱ्याकडून एकोणिसाव्या वर्षी इथं आलेला हा माणूस. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, अशी चाळीस वर्षं काढली. बँकेत, दवाखान्यात, पेन्शनच्या खिडकीवर त्यांना लोकांनी ‘हाँ, बोलिए’ म्हटलं, ‘कल आइए’ म्हटलं, ‘लंच के बाद’ तर इतक्यांदा म्हटलं की त्याचा हिशोब नाही. पण कुठल्या कचेरीतून कोणी फोन करून असं कधी म्हटलं नव्हतं:

"जय भीम काकाजी. जेवन झालं का?"

धोंडबा खुर्चीत सरळ बसले. झालं, म्हणाले, कोण बोलून राहिलं बावा? पलीकडचा म्हणाला, आयकरातून बोलून राहिलो, रायपूरच्या ऑफिसातून, गाव भंडाऱ्यातलं, लाखांदूरकडचं, यादीत रामटेके आडनाव दिसलं तं म्हटलं आपला मानूस हाय, सोताच फोन करावं. मग दोघांनी पावसाचं विचारलं, धानाचं विचारलं, चुलबंद नदीला यंदा पाणी किती ते विचारलं. धोंडबांचा आवाज इतका मऊ झाला होता की सत्यशीलाबाईंना वाटलं, मुलाचा फोन आहे, सुमेधचा. फोन वीस मिनिटं चालला आणि त्यात टॅक्सचं बोलणं दोन मिनिटं होतं. काकाजी, तुमची फाइल मी पाहिली, एकदम साफ हाय, तुमाले मी सर्टिफिकेट पाठवून देतो. पैसे? छे छे, कायचे पैसे. आपल्या मानसाकडून पैसे घेते का कोनी?

आठ दिवसांत पाकीट आलं. काय कागद होता तो! जाड, पिवळसर, वर सिंह, खाली एक सोडून तीन सह्या, तिन्ही निळ्या शाईत, आणि गोल जांभळा शिक्का, जरासा तिरका बसलेला, जसा खरा शिक्का नेहमी बसतो. टिकारामनं कानाशी धरून हलवला; कडक बोलला. साधना मॅडमनी वार विचारला, मंगळवार होता. हिरवं कार्ड बांधायची गरजच नव्हती, तरी बांधलं, आणि दुसऱ्या दिवशी धोंडबांनी तो काच लावून भिंतीवर टांगला. राजकुमार साहूनं भिंतीजवळ जाऊन बराच वेळ नंबर शोधला. सापडला नाही. तो चहा न घेताच निघून गेला. इतके दिवस बोलून काय मिळालं होतं त्याला?

पुढच्या फोनला धोंडबांनीच विषय काढला, हे मात्र लपवता येत नाही. त्या माणसानं फक्त विचारलं होतं, आपल्या लोकांत कोनाले बोगस नोटिसा येऊन राहिल्या असन तं सांगा, मी पाहून घेतो. आणि धोंडबांनी मैनाबाईचं नाव सांगितलं, फोन नंबर सांगितला, हिरालाल कधी गेला ते सांगितलं, पैसे कोणत्या बँकेत आहेत तेही सांगितलं. उपकार करण्याच्या भरात माणूस किती सांगतो याला काही धरबंद नसतो.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला तो काळजीचा. काकाजी, नोटिसा बोगसच हायेत, तुमी बरोबर ओळखलं. पर ते पाठवनाऱ्या टोळीनं वहिनीच्या नावावर खोटी केस बनवली, ते बंद करा लागंन. चौऱ्याऐंशी हजार भरा लागते, साठ दिवसांत पूर्ण वापस भेटते, मी पावती देतो. धोंडबांनी पावतीवर सह्या किती असतील ते विचारलं. तीन, तो म्हणाला. मग काय प्रश्नच मिटला.

चौऱ्याऐंशी हजार म्हणजे गुंजनची पहिल्या वर्षाची फी होती, आणि ती बाजूला काढून ठेवलेली होती. मैनाबाई आली तेव्हा तिनं एकदाच विचारलं, भाऊजी, भरू ना? धोंडबा म्हणाले, भर. वापस भेटते. तिला मोबाइलवरून पैसे पाठवता येत नव्हते, म्हणून त्यांनीच तिच्या फोनवर आकडे टाकले, आणि नियमाप्रमाणे दोनदा तपासले. गुंजन त्या दिवशी परीक्षेला गेली होती. पावती आली. तीन सह्या होत्या.

साठ दिवस झालेही नव्हते. अठ्ठेचाळिसाव्या दिवशी गुंजनचं नर्सिंगला नाव लागलं. सरकारी यादीत, चांगल्या कॉलेजात. सात दिवसांत फी भरायची होती. चौऱ्याऐंशी हजार यायला अजून वेळ आहे, तोवर ठेवीतले काढू, म्हणून मायलेकी बँकेत गेल्या, तर काउंटरवरच्या बाईनं खातं उघडून पाहिलं आणि सांगितलं की याच्यातून एक रुपया निघणार नाही. आयकराच्या कार्यालयाकडून पत्र आलं आहे, खातं थांबवलेलं आहे. तुम्हाला तीन नोटिसा गेल्यात. मिळाल्या नाहीत का?

मैनाबाईनं बँकेतूनच धोंडबांना फोन लावला. आणि धोंडबा काय घेऊन गेले? भिंतीवरचं सर्टिफिकेट. काचेसकट, पिशवीत घालून, स्कूटरवर पायाशी उभं करून. कारण त्यांची समजूत अशी, की बँकेलाही त्या टोळीनं फसवलंय, आणि आपण खऱ्या सरकारी कागदाचा नमुना दाखवला की त्यांचे डोळे उघडतील. त्यांनी तो काउंटरवर ठेवला. काउंटरवरची बाई तरुण होती. तिनं कागद बघितला, धोंडबांकडे बघितलं, मग पुन्हा कागद बघितला, आणि अगदी हळू आवाजात, घरच्या म्हाताऱ्याला सांगावं तसं, विचारलं की काका, हे तुम्हाला कोणी दिलं? ती हसली असती तर धोंडबांनी तिला सुनावलं असतं. ती हसली नाही, म्हणून त्यांनी काच परत पिशवीत घातली.

तिथून आयकराच्या कार्यालयात. तिथं जाण्यासाठी धोंडबांनी शर्ट बदलला, का ते त्यांनाच ठाऊक. पास काढला, तीन टेबलं फिरले, चौथ्या टेबलावरच्या माणसानं मैनाबाईचं पहिलं पत्र घेतलं, लाल कार्ड दोऱ्यासकट बाजूला सारलं आणि वरचा तो लांब नंबर कॉम्प्युटरवर टाकला. मैनाबाईच्या मोबाइलवर आकडे आले, ते टाकले. पडदा त्यांच्याकडे वळवला. पत्र खरं होतं. दुसरं खरं होतं. तिसरंही खरं होतं. सगळं मिळून दोन मिनिटं लागली. भिंतीवरच्या कागदावर टाकायला नंबरच नव्हता. त्या माणसानं एवढंच सांगितलं, की अहो, या मयताच्या पैशांवर टॅक्स बहुतेक लागलाच नसता. पहिल्या पत्राला मृत्यूचा दाखला आणि प्लांटचं पत्र जोडून उत्तर दिलं असतं तरी तिथंच मिटलं असतं. तिन्हीला उत्तर नाही म्हटल्यावर आम्ही काय समजायचं?

एका कागदाचं काम होतं. धोंडबांनी एकतीस वर्षांत असे लाखभर कागद पुढं सरकवले असतील.

बाहेर, जिन्याच्या पायरीवर बसल्यावर ते हट्टानं म्हणाले, पर तो लाखांदूरचा पोरगा खोटा नाही. नोटिसा खऱ्या असन, पर तो आपला मानूस हाय. जय भीम केला त्यानं मले. मैनाबाईनं मान वर केली. मले फोन केला तवा तं रामराम घातला त्यानं, ती म्हणाली. मी तुमच्याच जातीचा, कोहळीच हाव वहिनी म्हने, मामाचं गाव साकोलीपाशी. तुमचे मालक दूरच्या नात्यात लागते म्हने. ज्याला जसा हवा तसा हा आपला माणूस होत होता, हे धोंडबांना आता वेगळं सांगायला नको होतं. दोघांनी आळीपाळीनं त्याला फोन लावला. नंबर अस्तित्वात नाही, असं एक बाई हिंदीत आणि मग इंग्रजीत सांगत राहिली.

पोलिसांत तक्रार झाली. तिथल्या शिपायानं विचारलं, पैसे गेल्या गेल्या का नाही आलात? सात आठवड्यांनी काय धरायचं? ते बरोबरच होतं. मग गल्लीनं सल्ले द्यायला सुरुवात केली, आणि गल्लीचे सल्ले म्हणजे नुसता पाऊस. टिकाराम म्हणाला, मला तर तेव्हाच कागदाचा आवाज जरा जास्तच कडक वाटला होता. साधना मॅडम म्हणाल्या, मंगळवार मुळातच वाईट. कोणी म्हणालं रायपूरला जा, कोणी म्हणालं मंत्र्याला भेटा, कोणी एका बाबाचं नाव सांगितलं जो मोबाइल नंबर ऐकून माणूस कुठं आहे ते सांगतो. राजकुमार साहू आला, बसला, आणि मी सांगितलं होतं असं एकदाही म्हणाला नाही. धोंडबांना सगळ्यात जास्त राग त्याचाच आला. रविवारी ओसरी रिकामी राहू लागली. सत्यशीलाबाईंनी लहान पातेलं काढलं.

सात दिवस गेले. इतक्या घाईत कुठून आणणार? बँकेनं नाही म्हटलं, पतपेढीनं जामीनदार मागितले. धोंडबांनी आपली ठेव मोडायला दिली, तर तिला मुदतीचा काहीतरी नियम निघाला, सही जुळत नव्हती म्हणून अर्ज दोनदा परत आला. हो, धोंडबांची सही! वयानं वळण बदललं होतं. पैसे हातात आले ते नवव्या दिवशी, आणि गुंजनची जागा आठव्या दिवशी यादीतल्या पुढच्या मुलीला गेली होती. गुंजन एका कापड दुकानात काउंटरवर उभी राहू लागली.

वकील दुर्ग शहरात, मोहन नगरात. अपील करायचं, खातं सोडवायचं, आणि उशीर झाल्याबद्दल माफीचा अर्ज द्यायचा, असं त्यानं सांगितलं होतं. बाहेरच्या खोलीत आठ-दहा पक्षकार, भिंतीला लागून बाकडी. तिघं आत गेले. मैनाबाई खुर्चीवर, धोंडबा तिच्या मागं उभे, गुंजन दाराशी, दुकानातून दोन तासांची सुट्टी काढून आलेली. वकिलानं हिंदीत भराभर विचारलं. नोटिसा मिळाल्या? मिळाल्या. तिन्ही? तिन्ही. मग उत्तर का दिलं नाही? मैनाबाईनं मागं वळून धोंडबांकडे बघितलं. वकिलाला सवय होती. त्यानं कागद ओढला आणि म्हणाला, बीमारी लिख देते हैं, सब वही लिखते हैं.

"बीमारी नहीं थी," धोंडबा म्हणाले. "मैंने मना किया था."

आवाज जरा मोठाच निघाला. बाहेरच्या बाकड्यांवरचं बोलणं थांबलं. वकिलानं चष्म्यावरून पाहिलं. धोंडबा थांबले नाहीत. पहिल्या पत्राला काय म्हटलं, दुसऱ्याला काय, पोरगी तपासून घ्या म्हणत होती तर तिला कसं गप्प केलं, चौऱ्याऐंशी हजार कोणी सांगितले, आकडे कोणी टाकले, सगळं एका दमात सांगून टाकलं. घाम पुसला. त्यांना वाटलं होतं सांगितल्यावर हलकं वाटेल. तसलं काही झालं नाही.

"और आप इनके कौन हैं?" वकिलानं विचारलं.

साधा प्रश्न. अर्जात नातं लिहावं लागतं. हिरालालचा साथीदार म्हणावं तर हिरालाल वारला. शेजारी म्हणावं तर ही खुर्सीपारला. सल्लागार म्हणायची तर आता जीभ उचलत नव्हती. कोई नहीं, असं ते म्हणणारच होते.

"जेठ हैं मेरे," मैनाबाई म्हणाली, म्हणजे थोरले दीर. तिची हिंदी मोडकी होती पण आवाज मोडका नव्हता. "सगे नहीं, पर सगे जैसे. घर के बड़े हैं. उनके बोलने पर ही चलते हैं हम लोग."

वकील खूश झाला. हे चालतं, म्हणाला, घरातल्या वडीलधाऱ्यावर विश्वास ठेवून नोटिसा खोट्या समजल्या, हे बीमारीपेक्षा बरं कारण आहे. त्यानं लिहायला घेतलं. गहाणे आणि रामटेके, ही दोन आडनावं त्यानं एकाखाली एक लिहिली आणि त्याला त्यात काही वाटलं नाही. इथं कोणाला वाटणार? गावाकडे अशी दोन जातींची आडनावं एका घरातली म्हणून लिहिली असती तर दाराशी उभ्या असलेल्या शिपायानंसुद्धा दोनदा वळून बघितलं असतं. मैनाबाई काय बोलली ते फक्त धोंडबांना समजलं, आणि त्यांना रडू आलं. चांगलं भर कचेरीत, नाक पुसायला रुमाल नाही, शर्टाच्या बाहीनं पुसत रडले.

गुंजन तेवढ्यात उठून बाहेर निघून गेली.

सह्या करून, फी देऊन धोंडबा खाली आले तेव्हा ती रस्त्याच्या कडेला ऑटो बघत उभी होती. मैनाबाई मागं जिना उतरत होती, गुडघे धरत, सावकाश. धोंडबांनी खिशातून पाकीट काढलं. त्यात मोडलेल्या ठेवीतले चौऱ्याऐंशी हजार होते. ते पोरीपुढं धरून त्यांनी काहीतरी बोलायला सुरुवात केली, की पुढच्या वर्षी आपण, की मी स्वतः येऊन.

"पैसे मम्मीले द्या," गुंजन म्हणाली. "तिनं नाही म्हटलं तं मी सांगीन तिले, घे म्हनून. आमचेच हायेत ते. अना पुढच्या वर्षी फॉर्म मीच भरीन."

धोंडबांनी मान हलवली.

"मम्मीनं तुमाले जेठ म्हटलं. तिले तुमची कीव येते," ती म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते. "मले नाही येत."

ऑटो आला. मैनाबाईनं पाकीट घेतलं, न मोजता पदरात खोचलं आणि आत बसली. गुंजन तिच्या शेजारी बसली. तिसऱ्या माणसापुरती जागा होती. मैनाबाई सरकून म्हणाली, या ना भाऊजी, कावून उभे राहून राहिले उन्हात. गुंजननं मांडीवरची फाइल उचलली आणि त्या रिकाम्या जागेवर ठेवली. पोरीनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तुमी व्हा पुढं, धोंडबा म्हणाले, माहं इथं जरा काम हाय. ऑटो निघून गेला. मोहन नगरात त्यांचं काहीही काम नव्हतं.